आकाशाची जागल

(वर्धा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



९ ऑक्टोबर २०२२ या दिवशी कोजागिरी पौर्णिमा होती. रविवारची सायंकाळ होती. पूर्वेस चंद्र नुकताच वर आला होता. घरोघरी दूध आटविण्याची तयारी चालली होती, आणि शिवारात ज्यांच्या उभ्या पिकाला रानडुकरांचे व रोह्यांचे भय होते, ते शेतकरी भाकरी बांधून जागलीला निघण्याच्या बेतात होते. अशा वेळी, सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन आदळू लागला व पुढील काही मिनिटे तो येतच राहिला. उपकरणांनी आजवर नोंदलेल्या अशा सर्व स्फोटांमध्ये तो सर्वांत तेजस्वी ठरला. इतका प्रखर स्फोट पृथ्वीवरून सुमारे दहा हजार वर्षांतून एकदाच दिसावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हे किरण शर नावाच्या लहानशा तारकासमूहाच्या दिशेने आले. अभिजित आणि श्रवण हे तारे ज्यांना ओळखता येतात, त्यांना ही जागा त्या दोहोंच्या दरम्यान सापडेल. वर्ध्याचे अक्षांश-रेखांश व ती वेळ धरून गणित केले, म्हणजे असे दिसते की, तो बिंदू त्या क्षणी जवळजवळ आपल्या डोक्यावर होता. अगदी माथ्यापासून जेमतेम सात-आठ अंश ढळलेला. दहा हजार वर्षांतील हा प्रसंग सेवाग्राम, पवनार, हिंगणघाट, आर्वी या साऱ्या परिसराच्या माथ्यावर घडत होता, आणि आपणांपैकी कोणासही त्याचा पत्ता नव्हता.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, अशी आपली समजूत आहे. त्या सायंकाळी आकाशाने हाच प्रश्न विचारला, असे म्हणावयास हरकत नाही. त्या प्रश्नास ज्यांनी ‘आम्ही जागे आहोत’ असे उत्तर दिले, ती अवकाशातील यंत्रे होती. त्यांत अमेरिकेची फर्मी ही अवकाश दुर्बीण होती, आणि आपल्या देशाचा, विशेषतः मुंबई-पुण्याच्या संस्थांचा हात लागलेला ॲस्ट्रोसॅट हा उपग्रहही होता. ही जागल कशी चालते आणि तिच्याशी आपला संबंध काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

दिसत नाही, तो प्रकाश

गॅमा किरण हा प्रकाशाचाच एक प्रकार होय. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, क्ष-किरण आणि गॅमा किरण यांची जात एकच. भेद आहे तो ऊर्जेचा. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाशी तुलना केली, तर गॅमा किरणाच्या एका कणात हजारो ते लाखो पट ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेचे किरण थेट जमिनीपर्यंत पोहोचले असते, तर सजीवांचा निभाव लागला नसता. आपले वातावरण त्यांना वरच अडविते. आपल्या डोक्यावरील हवेचे वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतके भरते. भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसलेल्या माणसाला जसे वरच्या पाण्याचे संरक्षण असावे, तसे आपणांस हवेचे आहे. कोजागिरीच्या त्या किरणांनी वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर नावाचा थर कित्येक तास ढवळून काढला आणि भारतातील विजा टिपणाऱ्या यंत्रांनाही त्याची चाहूल लागली; परंतु खाली दुधाच्या पातेल्यावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

ज्या कवचामुळे आपण जगतो, त्याच कवचामुळे हे किरण जमिनीवरून पाहता येत नाहीत. म्हणून पाहणारे यंत्र हवेच्या वर न्यावे लागते.

पहारा एकावर, सापडले दुसरेच

या स्फोटांचा शोध ज्या रीतीने लागला, ती हकीकत सेवाग्रामच्या भूमीत सांगण्याजोगी आहे. १९६३ साली अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनी वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला, पण विश्वास नव्हता. दुसरा पक्ष चोरून अवकाशात स्फोट करील, या संशयाने अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले. पहारा करणे, जागे राहणे अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव घेतलेले आहे. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपावयाचे, हे त्यांचे काम.

२ जुलै १९६७ रोजी व्हेला उपग्रहांनी गॅमा किरणांची एक झलक नोंदविली. तिचा आकार अणुस्फोटाशी जुळत नव्हता. सूर्यावरही त्या वेळी तसे काही घडले नव्हते. ज्याचा अर्थ लागत नाही ती नोंद चुकीची समजून खोडून टाकण्याचा मोह कोणासही झाला असता. लॉस अलामॉस येथील रे क्लेबेसाडेल व त्यांचे सहकारी यांनी ती खोडली नाही. १९६९ मध्ये जुन्या नोंदी तपासताना ती त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी आणखी नोंदी जमविल्या, उपग्रहांच्या वेळांतील सूक्ष्म फरकांवरून दिशा काढल्या, आणि हे किरण पृथ्वीवरून किंवा सूर्यावरून येत नसून दूरच्या अवकाशातून येतात, अशी खात्री झाल्यावरच १९७३ मध्ये सोळा स्फोटांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. माणसाने माणसाविषयीच्या अविश्वासातून उभारलेल्या पहाऱ्याला विश्वातील एक अज्ञात घटना सापडली. संहाराच्या भीतीतून निर्माण झालेले साधन ज्ञानाच्या कामी आले, ते केवळ एक विसंगत नोंद प्रामाणिकपणे जपून ठेवल्यामुळे. कचेरीत बसून रोज नोंदी ठेवणाऱ्या अधिकारी मित्रांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

पुढे १९९७ मध्ये इटली व नेदरलँड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहामुळे स्फोटानंतर मागे राहणारा मंद उजेड सापडला आणि हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे, दूरच्या दीर्घिकांत होतात हे सिद्ध झाले. कोजागिरीस आलेले किरण सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेले होते. ते निघाले तेव्हा पृथ्वीवर ना झाड होते, ना प्राणी.

साधारणपणे या स्फोटांचे दोन प्रकार मानतात. दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे स्फोट बहुधा सूर्याच्या कित्येक पट मोठा तारा आयुष्याच्या शेवटी आपल्याच भाराने कोसळतो तेव्हा होतात. त्याहून आखूड स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याने होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर प्रथम गुरुत्वीय लहरींच्या रूपाने नोंदली गेली आणि त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी तिचे गॅमा किरण फर्मी दुर्बिणीस मिळाले. त्या टकरीच्या उजेडाचा अभ्यास केल्यावर असे दिसून आले की, सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा प्रसंगी मोठ्या प्रमाणात तयार होतात. आपल्या घरच्या मंगळसूत्रातील सोन्याचा काही भाग तरी पृथ्वी जन्मण्यापूर्वीच्या अशाच एखाद्या टकरीतून आला असण्याचा संभव आहे.

टिनावरचा पाऊस

आता हे किरण पकडावयाचे कसे, ते पाहू. नेहमीच्या दुर्बिणीत आरसा किंवा भिंग असते. गॅमा किरण आरशावरून परतत नाहीत. ते आरपार जातात अथवा आत शोषले जातात. म्हणून येथे विशिष्ट स्फटिक वापरतात. किरणाचा कण स्फटिकात शिरला की तेथे विजेचा एक अत्यल्प स्पंद उठतो. यंत्राने तो मोजावयाचा, त्याची वेळ लिहावयाची आणि त्याच्या जोरावरून कणाची ऊर्जा ठरवावयाची. ही दुर्बीण चित्र काढण्याआधी मोजदाद करते.

अवकाशात असे कण सर्व बाजूंनी सतत येत असतात. मग स्फोट झाला हे ओळखावे कसे? शिक्षक मित्रांनी हा प्रयोग शाळेच्या टिनाच्या छपराखाली बसून करावा. पावसाची भुरभुर चालू असताना दर दहा सेकंदांत किती थेंब वाजले, ते विद्यार्थ्यांना मोजावयास सांगावे. कधी अठरा येतील, कधी बावीस, कधी वीस. ही चढउतार स्वाभाविक होय. एकदम चाळीस आले, तर काहीतरी निराळे घडले असे समजावयाचे. पण तरीही घाई करावयाची नाही. शाळेच्या चार खोल्यांत चार विद्यार्थी बसवावेत. आवाज एकाच खोलीत वाढला असेल, तर त्या छपरावर चिंचा पडल्या असतील. चारही खोल्यांत एकाच क्षणी वाढला असेल, तरच पावसाची सर आली. अवकाशातील यंत्र याच तत्त्वाने चालते. सरासरी ठाऊक असणे, चढउतार किती स्वाभाविक हे ठाऊक असणे आणि एकाची नोंद दुसऱ्याने पडताळणे, या तीन गोष्टींवर हे सारे शास्त्र उभे आहे.

दिशा ठरविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सावलीची. स्फटिकांच्या वर धातूची एक जाळी बसवितात. तिच्यात काही घरे उघडी व काही बंद असतात. उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या ताटीतून ऊन आत येते, तेव्हा जमिनीवरील कवडशांची जागा पाहून सूर्य कोठे आहे ते सांगता येते, तसेच हे. दुसरी रीत वेळेची. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांनी तीच झलक किती अंतराने पाहिली, यावरून ती कोणत्या बाजूने आली हे काढता येते. व्हेला उपग्रहांनी हीच युक्ती वापरली होती.

महाराष्ट्राची जागल

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅट उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. खगोल निरीक्षणास वाहिलेली ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा. तिच्यावर पाच उपकरणे आहेत. त्यांपैकी गॅमा किरणांच्या दृष्टीने महत्त्वाचे उपकरण कॅडमियम, झिंक व टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, इस्रोची केंद्रे, अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा आणि पुण्याचे ‘आयुका’ यांच्या सहकार्याने ते सिद्ध झाले. त्यात चार भाग, प्रत्येक भागात सोळा तबकड्या आणि प्रत्येक तबकडीवर २५६ घरे, अशी एकूण १६,३८४ घरे आहेत. प्रत्येक घर ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ एका चौरस फुटाहून थोडेसेच अधिक.

या उपकरणाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. समोरच्या ठरावीक भागाकडे पाहण्यासाठी ते केले आहे आणि बाजूंनी त्यास भिंती आहेत. परंतु ऊर्जा एका मर्यादेपुढे गेली की, गॅमा किरणांना त्या भिंती अडवू शकत नाहीत. वरवर पाहता ही उणीव होय. शास्त्रज्ञांनी तिचा उपयोग करून घेतला. भिंती पारदर्शक होतात, म्हणूनच हे उपकरण पाठीमागचे व बाजूचे स्फोटही टिपू शकते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते चालू झाले, त्याच दिवशी त्याने पहिला स्फोट नोंदविला. टाटा संस्थेचे ए. आर. राव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य आणि पुढे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापक झालेले वरुण भालेराव यांची नावे या कामाशी निगडित आहेत. उपग्रहाच्या नोंदी पुण्यास येतात. तरुण विद्यार्थी त्या चाळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नोंदलेल्या स्फोटांची संख्या सहाशेवर पोहोचली. पाच वर्षांच्या मुदतीसाठी पाठविलेल्या या उपग्रहाने मुदत संपल्यानंतरही आपले काम चालू ठेवले.

तथापि, एका मचाणावरून सगळे शेत दिसत नाही, हे जागलीला जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. १७ ऑगस्ट २०१७ ची ती न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली, तेव्हा ॲस्ट्रोसॅट पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस होता; टकरीची जागा त्याच्यासाठी पृथ्वीआड होती. उपकरण जागे होते, पण मध्ये आपलीच पृथ्वी आली. म्हणूनच आय. आय. टी. मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ या योजनेचा प्रस्ताव मांडण्यात आला. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंस दोन उपग्रह ठेवावयाचे, म्हणजे आकाशाचा कोणताही कोपरा नजरेआड राहणार नाही, अशी ही कल्पना आहे. नाव किती समर्पक आहे, ते सांगावयास नको.

या कामाचा दुसरा पाय आपल्या अगदी जवळ रोवला जावयाचा आहे. शेजारचा यवतमाळ जिल्हा ओलांडला की हिंगोली लागते. तेथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. तिने टकरीची चाहूल घ्यावी, अवकाशातील यंत्राने तिची झलक पाहावी, आणि पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने तिचा मागे राहिलेला क्षीण आवाज पुढे महिनोन्महिने ऐकत राहावे, अशी ही साखळी आहे. तिचे कित्येक दुवे महाराष्ट्रात आहेत.

कोरड्या टाकीचा प्रश्न

हे सर्व ऐकून एका सरपंचांनी मला एकदा सरळ विचारले होते, “गुरुजी, आमच्या गावची पाण्याची टाकी दोन वर्षे कोरडी आहे, आणि तुम्ही आकाशातल्या स्फोटांच्या गोष्टी सांगता?” त्या वेळी मी या संशोधनातून निघणाऱ्या अनेक उपयोगी वस्तूंची यादी त्यांना ऐकविली. आज मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. अवकाशातील दुर्बिणीमुळे गावाची टाकी भरत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र, दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. ॲस्ट्रोसॅटवर झालेला खर्च दोनशे कोटी रुपयांच्या आत होता. देशाच्या लोकसंख्येवर तो विभागला, तर दरडोई दीड रुपयासुद्धा होत नाही. टाकी कोरडी राहिली, ती या दीड रुपयामुळे नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टाकी नेहमी पैशाअभावीच कोरडी राहते असेही नाही. पाणी किती आले, किती गेले, गळती कोठे आहे, पंप किती तास चालला, याची रोजची खरी नोंद नसते. असली तर ती कोणी पडताळत नाही. आणि विसंगत आकडा दिसला, तर तो ‘दुरुस्त’ करून टाकण्यात येतो. आकाशाची जागल करणारे नेमके याच्या उलट वागतात. जो आकडा आला तोच ते लिहितात, चार ठिकाणांहून ताडून पाहतात, आणि जो जुळत नाही त्याच्यामागे लागतात. ही सवय ज्या समाजात रुजेल, तेथे उपग्रहही नीट चालेल आणि नळयोजनाही. विज्ञानाकडून खेड्याने घ्यावयाची ही पहिली वस्तू होय, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आपण काय करू शकतो

वर्ध्याला हे नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची कल्पना देशापुढे आली. हाताने काम करता करता शिकावे, हे तिचे सूत्र. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना आकाशदर्शनाची गोडी लागली होती. आणि ज्यांना ताऱ्यांचे वेडच होते, ते काकासाहेब कालेलकर पुढे वर्ध्यास येऊन राहिले. चरखा आणि तारे यांत या माणसांना विरोध दिसला नाही.

शिक्षकांनी टिनावरच्या पावसाचा प्रयोग करावा, आणि विद्यार्थ्यांना अभिजित, श्रवण व त्यांच्या दरम्यानचा शर एकदा तरी दाखवावा. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांस खुल्या होतात. पदवीचे शिक्षण घेणारा आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थी संगणकावर त्या मोफत मिळवून त्यांचा अभ्यास करू शकतो. त्यासाठी मुंबईस जाण्याची गरज नाही. पंचायत सदस्यांनी गावातील दिव्यांना वरून झाकण बसवावे, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल आणि आकाश काळे राहील. अधिकारी वर्गास मी एवढीच विनंती करीन की, न जुळणारी नोंद खोडू नये.

मित्रहो, ९ ऑक्टोबर २०२२ ची ती झलक आता परत येणार नाही. परंतु लहानमोठे स्फोट जवळजवळ रोज, आकाशात कोठे ना कोठे होत असतात. पुढील वेळी ‘कोण जागे आहे?’ असा प्रश्न येईल, तेव्हा उत्तर देणाऱ्यांत या जिल्ह्यातील एखाद्या शाळेतून गेलेला मुलगा किंवा मुलगी असावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.